तात्या येईपर्यंत उपाशी

नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. बाळंतपणाच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालणारे नवरे हाच एक वेगळा विनोदी विषय आहे. पण लिहायला बसले की गमतीच्या आधी मला राग येतो. मी निवृत्त झाले, राग झालेला नाही. तेव्हा फराळाच्या ताटात एवढं एक तिखट वाढते, वाचकांनी गोड मानून घ्यावं.

माझी सगळी नोकरी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत परिचारिका म्हणून झाली. कुठल्या रुग्णालयात काय घडलं ते नाव घेऊन सांगणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. प्रसूतीची खोली आणि तिला लागून असलेला नवजात बाळांचा कोपरा ही माझी जागा. लोक मला सिस्टर म्हणत, म्हाताऱ्या बाय म्हणत, आणि भांडण झालं की मी लगेच "ती बाई" होत असे.

राग कशाचा, तर "शहाणं बाळ" या दोन शब्दांचा. मूल जन्मतं, थोडं रडतं आणि मग गप्प पडून राहतं. सगळी मंडळी भोवती जमतात आणि कौतुक सुरू होतं. किती शहाणं आहे हो, त्रासच नाही, नुसतं झोपून आहे. मला त्या क्षणी सगळ्यांना खोलीबाहेर काढून दाराला कडी घालावीशी वाटायची. गप्प बाळ शहाणं असेलही. पण त्याच्या अंगातली साखर उतरलेली असली, तरीही ते तसंच गप्प पडून राहतं. या दोघांतला फरक नुसतं बघून मलाही कळत नसे, तर टोपडं घेऊन आलेल्या मावशीला कुठून कळणार?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. पोटात असताना बाळाला नाळेतून आईची साखर सतत मिळत असते. नाळ कापली की हा पुरवठा तिथल्या तिथे बंद. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाच्या अंगात थोडा साठा असतो, त्यावर ते निभावून नेतं. पण काही बाळांचं तसं नसतं. वजनाने कमी असलेली, दिवस भरायच्या आधी आलेली, जुळी, जन्मताना गुदमरलेली, गारठलेली. यांच्याकडे साठाच नसतो. हे लोकांना पटतं, कारण बाळ डोळ्यांना दुबळं दिसतं.

पटत नाही ते पुढचं. गरोदरपणात आईची साखर वाढलेली असेल, तर बाळ मोठं, गुबगुबीत जन्मतं. पोटात असताना ती जास्तीची साखर जिरवायला त्याच्या अंगात इन्सुलिन भरपूर तयार होत असतं. नाळ कापल्यावर साखर थांबते, इन्सुलिन थांबत नाही. गिरणीतले दाणे संपले तरी जातं काही वेळ गरगरत राहतं ना, तसंच. उरलीसुरली साखरही ते खाऊन टाकतं. म्हणजे वॉर्डातलं सगळ्यांत दांडगं दिसणारं बाळ धोक्यात असतं आणि लोक त्याला पैलवान म्हणून दृष्ट काढत असतात.

मेंदूला साखर लागते. ती फार उतरली आणि तशीच राहिली, तर मेंदूला इजा होते, आणि ती इजा मग कुठल्याच औषधाने भरून येत नाही. टाळायला मात्र काय लागतं बघा. बाळ कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं. आंघोळ नाही. पहिल्या तासाभरात चीक पाजायचा, ओढता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने द्यायचा, आणि पुढे दर दोन-तीन तासांनी झोपेतून उठवून पाजत राहायचं. धोक्यातल्या बाळाची टाच टोचून साखर बघायची. उतरलीच तर डॉक्टर असतात, सलाईन असतं. एवढंच. यात विमानाने आणावं लागेल असं काही नाही.

आणि चिकाचं काय करतो आपण? म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आळीभर वाटतो, वेलदोडा घालून. शेजारणीने दिला नाही तर वर्षभर लक्षात ठेवतो. आईचा पिवळा चीक मात्र जड असतो म्हणून पिळून मोरीत टाकणाऱ्या बायका मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

लोधिवलीच्या बाजूची एक बाळंतीण होती, मनीषा. तिचा मुलगा कमी वजनाचा. दुपारपाळीला मी हजर झाले तेव्हा तो आजीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला होता. सकाळपासून पाजलेलं नव्हतं, कारण झोपलाय तर कशाला उठवा, शहाणा आहे. सकाळच्या पाळीला एकच सिस्टर आणि बाळंतपणं एकापाठोपाठ एक. मी दुपटं सोडलं तर हात-पाय गार आणि अंग सैल. डॉक्टरांना हाक मारेपर्यंत त्याला झटका आला. सलाईन लागलं, पुढे मोठ्या रुग्णालयात नेलं आणि मुलगा जगला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

काही वर्षांनी मनीषा मला खोपोलीच्या शिळफाट्यावर बाजारात भेटली. मुलगा कडेवर होता, कडेवर असण्याचं वय उलटून गेलं होतं. मी त्याच्यासमोर हात हलवला, त्याची नजर हाताबरोबर फिरली नाही. मनीषा हसली. म्हणाली, "लई शाना हाय बाय, अजून बी रडत नाय." मी काय घ्यायला बाजारात गेले होते ते विसरले आणि तशीच घरी आले.

त्या मुलाबद्दल कुणी कुणाला जाब विचारला नाही. मला नाही, सकाळच्या सिस्टरला नाही, सगळ्या वॉर्डामागे एक बाई ठेवणाऱ्यांना तर नाहीच. माझ्याकडे आयुष्यात एकदाच लेखी खुलासा मागितला गेला, तो एका बाळाला वेळेवर पाजलं म्हणून. तीच हकीकत सांगायची आहे.

पळसदरीजवळच्या एका गावातली दर्शना. घरी भातशेती, नवरा नीलेश खोपोलीच्या कारखान्यात, डिप्लोमा केलेला. दर्शनाची गरोदरपणात साखर वाढली होती. पोरगी मोठी धीराची. सुया टोचून घ्यायची, साखर मोजायचं यंत्र पर्समध्ये घेऊन हिंडायची. बाळ मोठं म्हणून सिझेरियन ठरलं. मुलगी झाली, चार किलोच्या वर, गालांचे नुसते लाडू. डॉक्टर टाके घालता घालताच म्हणाले, "सिस्टर, हिला लगेच पाजा, साखर बघा."

पण आमच्याकडे एक घाणेरडी सवय होती. सिझेरियनचं बाळ आधी बाहेर नेऊन दाखवायचं. बाहेर नातेवाईक दार बडवत असतात, दाखवा, दाखवा. मी टेबलाशी अडकलेली होते. आमच्या मदतनीस मावशींनी बाळ बाहेर नेलं आणि आजीच्या हातात दिलं. मी हातमोजे काढून बाहेर आले तर फोटो काढणं चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी बाळाची टाच दाखवत होते.

मी म्हटलं, "द्या बाळ, आईकडे नेते, पाजायचंय."

दर्शनाची सासू सुलोचना हिने बाळ छातीशी आवळलं. "आत्ता नाय सिस्टर. तात्या येऊ दे."

तात्या म्हणजे नीलेशचे थोरले चुलते. या भागात बाळाच्या जिभेला पहिला मध कोण लावतं त्याचा स्वभाव बाळ घेतं, असं मानतात. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची. तोवर बाळाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. आणि माणूस निवडायचा तो घरातला सगळ्यांत भला. तात्या खरंच भले, हे मीही ऐकून होते. सरपंच असताना धरणाकाठच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, तेव्हा गावचं गायरान त्यांनी कुणाला गिळू दिलं नाही. मुलीने तात्यांचा स्वभाव घ्यावा असं त्या घराला वाटत होतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट इतकंच की तात्या लोणावळ्याला वास्तुशांतीला गेले होते, आणि तो शनिवार होता. शनिवारी आमच्या रस्त्यांवर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुंबई-पुण्याची सगळी मंडळी फार्महाऊसवर विश्रांती घ्यायला निघतात आणि आम्ही रस्त्यात अडकून पडतो.

"तात्या कुठे आहेत?" मी विचारलं.

नीलेशने फोन कानाला लावला. "घाट उतरलेत. येतीलच."

मी सुलोचनाला समजावलं. हिच्या आईची साखर वाढलेली होती, म्हणून हिची उतरेल. ती म्हणाली, "वाढलेली हाय तर उतरंल कशी? आईची वाढलेली ती पोरीची बी वाढलेलीच ना?" मी गिरणी सांगितली. जातं सांगितलं. ती बाळाकडे बघून म्हणाली, "बघा की, कशी गोंडस झोपलीय. अशी पोर उपाशी दिसते का तुमाला?"

नीलेश शिकलेला. तो म्हणाला, "सिस्टर, साखरच कमी होते ना? मग मध गोडच आहे की. मध चाटवला की वाढेल."

हा प्रश्न मला खूपदा विचारला गेला आहे, म्हणून इथे उत्तर देऊन ठेवते. अंगठीला लागतो तो मध किती? त्याने साखर सावरत नाही. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. पोट भरतं दुधाने, साखर टिकते दुधाने.

रीत सोडवत नाही हे मला समजतं. पण रीत थांबू शकते, हे मी पाहिलेलं आहे. चौक गावच्या एका दुकानदार मुसलमान घरात नातू झाला होता, वजनाला अगदीच कमी. त्यांच्यात खजूर चावून त्याचा रस लावायची पद्धत. मी तोंड उघडायच्या आधीच म्हातारी नानी आपल्या मुलाला म्हणाली, "आदी दूध पिऊ दे रं त्याला. खजूर काय पळून चाललाय?" मी त्या बाईच्या पाया पडायचीच बाकी होते.

इथे नानी नव्हती. मी बाळाचा हात दुपट्यातून बाहेर काढला. बोटं थरथरत होती. थंडीने नव्हे, मी पोट चाचपून पाहिलं, अंग गरम होतं. हात मी धरला तर थरथर थांबली, सोडला की पुन्हा सुरू. मी सुलोचनाला दाखवलं. ती म्हणाली, "हात हलवतीय. खेळतीय."

मग मी विचारायचं सोडून दिलं. बाळ तिच्या हातातून घेतलं, म्हणजे सरळ काढूनच घेतलं, आणि आत गेले. मागून आरडाओरडा सुरू झाला.

आत साखर तपासायला गेले तर पट्ट्या संपलेल्या. मागणी पाठवलेली होती. मागणी नेहमीच पाठवलेली असते. सरकार आम्हाला भिंतीवर लावायला "नवजात बालकाची काळजी" असं रंगीत पोस्टर पाठवतं, पट्ट्या पाठवत नाही. मी दर्शनाच्या पर्समधून तिचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या काढल्या. घरगुती यंत्राचा बाळाच्या बाबतीत पुरता भरवसा नसतो, पण रोख कळतो. टाच पुसून टोचली. आकडा जेवढा हवा त्याच्या बराच खाली होता. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पाजा. मी सलाईनची तयारी करतो."

दर्शना शुद्धीत होती, कमरेखाली बधिर. मी बाळ तिच्या छातीपाशी नेलं. तिने हात पुढे केला नाही. दाराकडे बघत होती, सासूचा आवाज तिकडून येत होता.

"तात्या आले का सिस्टर?"

"नाही आले. तू पाज."

"आई रागावतील. मला त्यांच्याच घरात ऱ्हायचंय." मग हळूच म्हणाली, "भूक लागली असती तर रडली असती ना ओ?"

"रडायलाही जोर लागतो गं. तेवढाही उरलेला नाही तिच्यात."

तिने यंत्राकडे पाहिलं. आकडे तिला वाचता येत होते, गरोदरपणात तेच तर वाचत आली होती. तिचा चेहरा एकदम बदलला. "माझ्या यंत्रावर हाय हा? पोरीचा?" म्हणाली आणि स्वतःच गाऊनची बटणं काढायला लागली. "द्या इकडं. मी बघते कोण काय बोलतं ते."

मुलीला आधी ओढता येईना. मी चीक पिळून चमच्याने गालाच्या आत सोडला, थोडा थोडा. घोट गेला. दुसरा गेला. मग तिने ओठ चाटले, मी पुन्हा छातीला लावलं आणि ती ओढायला लागली. डॉक्टर सलाईन घेऊन उभे होते. नंतर पुन्हा टोचलं तर आकडा वर चढला होता. आम्ही तरी रात्रभर पाजत आणि तपासत राहिलो, कारण ही बाळं एकदा सावरली म्हणजे सुटली असं नसतं. पण मुलगी सुटली. सलाईन लागलंच नाही. पुढे सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या, आता ती बालवाडीत आहे आणि दर्शना म्हणते की घरात हिच्याइतकं कुणी रडत नाही.

बाहेर आले तेव्हा नीलेश खाली अधीक्षकांकडे तक्रार देऊन आला होता. सिस्टरने आजीच्या हातातून बाळ हिसकावलं, कुटुंबाच्या धार्मिक भावना दुखावल्या. सुलोचना बाकावर बसून रडत होती, मधाची बाटली मांडीवर. "पोरीचं सगळं नासवलं हिनं," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होती. मी तोंड उघडलं असतं तर दुसरा खुलासा द्यावा लागला असता.

तेवढ्यात तात्या आले. उंच, पांढरा सदरा, कपाळाला घाम. सगळे उठून उभे राहिले. सुलोचनाने पदर सावरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "तुमची वाट बघतच हुतो तात्या, पण या बाईनं..."

तात्यांनी हाताने थांबवलं आणि खाली बसले. "जरा दम घेऊ दे गं. उशीर झाला. गर्दीत गाडी हलंना, त्यात माजी साखर उतरली. हात कापायला लागलं, डोळ्यापुडं अंधारी. शिळफाट्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. चहात चार चमचं साखर घातली, वडापाव खाल्ला, तवा कुटं जिवात जीव आला."

झालं. सगळी तात्यांभोवती गोळा झाली. अगंबाई, बरं केलंत खाल्लंत ते. जिवाला जपा तात्या. नीलेशने पाण्याची बाटली दिली. आणखी कुणीतरी बिस्किटाचा पुडा काढला. तीच माणसं, तोच व्हरांडा.

मी पुढे गेले. म्हटलं, "तात्या, तुम्हाला शिळफाट्यावर कुणी म्हणालं का, की बाळाला मध चाटवेपर्यंत तुम्ही काही खायचं नाही म्हणून?"

त्यांना कळेना. "नाय. असं कोन कशाला म्हनंल?"

"तुमच्या नातीची साखर उतरली होती. तिचेही हात कापत होते. तुम्हाला सांगता आलं, तुम्ही गाडी थांबवून खाल्लंत. तिला सांगता येत नव्हतं, आणि ही सगळी माणसं तिला तुमच्यासाठी उपाशी ठेवून बसली होती."

नीलेश "ओ सिस्टर" म्हणत उठला. तात्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"हात कापत हुते?" त्यांनी मला विचारलं. "म्हंजे माझ्यावानी?"

"तुमच्यासारखेच."

"मंग आता?"

"आईने पाजलंय. आता बरी आहे."

ज्याला स्वतःला ती अंधारी येऊन गेली आहे त्याला गिरणी आणि जातं सांगावं लागत नाही. मग ते सुलोचनाकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"सुलोचना, पोरीला पाजू का, एवढं मला फोनवर इचारायचं हुतं गं. पाज म्हनालो असतो."

सुलोचनाने नीलेशकडे पाहिलं. नीलेशने हातातल्या फोनकडे पाहिलं. फोन तर तो सारखाच लावत होता. कुठवर आलात, एवढंच विचारत होता.